असह्य अनुभव इंग्रजीत सांगताना: रूपक कसे निवडावे

‘तीन आठवडे व्हिसाचे काहीच कळेना, नुसता जीव टांगणीला लागला होता’ हे वाक्य मराठी माणसाला शब्द न शोधता सुचते. तेच इंग्रजीत लिहायची वेळ आली की दोनपैकी एक चूक बहुधा होते. काही जण मराठी वाक्प्रचार जसाच्या तसा उचलून ‘माय लाइफ वॉज हँगिंग’ असे लिहितात आणि वाचणाऱ्याला फासाचा दोर आठवतो. काही जण सर्वांत जड शब्द हाताशी धरून ‘इट वॉज हेल’ लिहून मोकळे होतात, आणि तीन आठवड्यांची वाट पाहणे व खरा नरकवास यांत काही फरकच उरत नाही. गंमत अशी की या भावनेसाठी इंग्रजीत ‘ऑन टेंटरहुक्स’ हा जो नेमका प्रयोग आहे, त्यातही टांगणेच आहे. इंग्लंडमध्ये लोकरीचे कापड धुऊन व कुटून झाले की ते वाळताना आटू नये म्हणून लाकडी चौकटीवर ताणून बसवत आणि त्या चौकटीच्या कडांना कापड अडकवण्यासाठी वाकडे आकडे असत. चौकटीला ‘टेंटर’ म्हणत आणि आकड्यांना ‘टेंटरहुक्स’. मन आकड्यांवर ताणून ठेवलेल्या कापडासारखे झाले आहे, एवढेच तो प्रयोग सांगतो. हे चित्र एकदा लक्षात राहिले की ‘टेंडर हुक्स’ ही नेहमीची चूकही होत नाही.

त्रासाचे वर्णन करणारी बहुतेक इंग्रजी रूपके अशाच कुठल्यातरी प्रत्यक्ष वस्तूतून, शिक्षेतून किंवा यंत्रातून आलेली आहेत. म्हणून पुढील पद्धतीत पाठांतरापेक्षा चित्र ओळखण्यावर भर दिला आहे.

पहिली पायरी: त्रास कोणत्या जातीचा आहे ते मराठीतच ठरवावे

इंग्रजी शब्द शोधण्यापूर्वी आपल्याला नेमके काय झाले ते मराठीत एका क्रियापदात सांगून पाहावे. वाट पाहिली, भरडले गेलो, फैलावर घेतले, फसवले गेलो, की सहनशक्ती संपली? मराठीत हा फरक आपण नकळत करतो. ‘जीव टांगणीला लागला’ आणि ‘जीव मेटाकुटीस आला’ यांची आपण कधी अदलाबदल करत नाही. इंग्रजीतही ती करायची नसते.

अनिश्चिततेच्या त्रासात दोन प्रकार आहेत. निकाल येणारच आहे, पण अजून आला नाही, तर ‘ऑन टेंटरहुक्स’. निकाल येईल की नाही हेच ठाऊक नाही आणि आपण ना इकडचे ना तिकडचे झालो आहोत, तर ‘इन लिंबो’. ‘लिंबो’ म्हणजे लॅटिनमधील ‘लिंबस’, अर्थात काठ किंवा कड; मध्ययुगीन ख्रिस्ती कल्पनेनुसार ज्यांना स्वर्गही नाही आणि नरकवासाची यातनाही नाही, अशा आत्म्यांची ती जागा होती. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण आपल्याकडे त्रिशंकू आहे. अर्ज दोन कार्यालयांच्या मध्ये अडकला असेल तर तो ‘लिंबो’मध्ये आहे, उद्या सकाळी दहावीचा निकाल लागणार असेल तर आई-वडील ‘टेंटरहुक्स’वर आहेत.

दीर्घकाळ पिळवटून टाकणाऱ्या अनुभवासाठी ‘गो थ्रू द मिल’ आणि ‘गो थ्रू द रिंगर’ हे दोन प्रयोग जवळजवळचे आहेत. पहिल्यात धान्य दळण्याची चक्की आहे, म्हणजे आपले ‘भरडले जाणे’. दुसऱ्यात ओले कपडे दोन रुळांमधून पिळून काढणारे हातयंत्र आहे. माझ्या मते जिथे माणसाच्या भावना निचरून निघाल्या, घटस्फोटाचा खटला किंवा दत्तकविधानाची लांबलचक चौकशी झाली, तिथे ‘रिंगर’ अधिक शोभतो. जिथे एका यंत्रणेने अनेकांना एकाच मापाने दळले, तिथे ‘मिल’.

कोणी आपल्याला प्रश्नांच्या भडिमारात भाजून काढले, तर ‘ग्रिल’ हे क्रियापद पुरेसे होते. मुलाखतीत दोन तास उलटसुलट प्रश्न विचारले गेले तर ‘दे ग्रिल्ड मी फॉर टू अवर्स’. परंतु चुकीबद्दल वरिष्ठांनी खरडपट्टी काढली, तर ते ‘ग्रिल’ नव्हे. तिथे ब्रिटिश वळणाने ‘हॉल ओव्हर द कोल्स’ आणि अमेरिकी वळणाने ‘रेक ओव्हर द कोल्स’ असे म्हणतात. निखारे दोन्हीकडे आहेत, एकीकडे माणसाला त्यांवरून ओढत नेतात आणि दुसरीकडे दाताळ्याने फरफटवतात. मराठीत ‘झाडाझडती’ आणि ‘खरडपट्टी’ यांत जे अंतर आहे, तेच इथे आहे.

विश्वासघाताच्या शब्दांत आपल्याला अडचण येत नाही, कारण पाठीत खंजीर आणि जखमेवर मीठ दोन्ही भाषांत आहेत. मात्र ‘अ किक इन द टीथ’ हा प्रयोग वेगळा आहे. त्यात कट नसतो. मदतीची किंवा कौतुकाची अपेक्षा असताना उलट अपमान वाट्याला आला, ही भावना त्यात आहे. वर्षभर राबल्यावर पगारवाढ नाकारली गेली, तर ती ‘किक इन द टीथ’. सहकाऱ्याने आपले काम स्वतःच्या नावावर खपवले, तर तो ‘स्टॅब इन द बॅक’.

आता सर्वांत जास्त चुकणारा प्रयोग. ‘लाइक पुलिंग टीथ’ म्हणजे भूल न देता दात उपटल्यासारख्या वेदना, असे समजून पुष्कळ जण तो कोणत्याही यातनेला लावतात. त्या प्रयोगात वेदना गौण आहे. अडून बसलेली वस्तू ओढून काढण्याचे कष्ट मुख्य आहेत. तोंड न उघडणाऱ्या माणसाकडून माहिती काढणे, मुलाकडून शाळेत काय झाले ते वदवून घेणे, कार्यालयातून एक दाखला मिळवणे हे ‘लाइक पुलिंग टीथ’ असते. डेंग्यूचा ताप तसा नसतो. इथे क्रियापदाची कसोटी कामाला येते: मराठीत ‘काढून घेता घेता नाकी नऊ आले’ असे म्हणता येत असेल, तरच हे रूपक वापरावे.

दुसरी पायरी: चित्र डोळ्यांसमोर आणावे

‘रन द गाँटलेट’ हा प्रयोग घेऊ. बातम्यांत तो नेहमी दिसतो: मंत्री पत्रकारांच्या गर्दीतून गेले, खेळाडू प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्यांमधून गेला. ‘गाँटलेट’ म्हणजे चिलखताचा हातमोजा हा अर्थ ठाऊक असलेले वाचक इथे गोंधळतात. हातमोजा दुसऱ्या प्रयोगात आहे, ‘थ्रो डाउन द गाँटलेट’, म्हणजे आव्हान देणे. शिक्षेचा शब्द स्वीडिश भाषेतील ‘गाटलोप’वरून, म्हणजे ‘गल्लीतून धावणे’ या अर्थाच्या शब्दावरून, सतराव्या शतकात इंग्रजीत आला आणि हातमोज्याच्या शब्दाशी उच्चारसाम्य असल्याने त्याच रूपात मिसळून गेला. सैनिकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहत आणि शिक्षा झालेल्याला मधून जावे लागे, दोन्ही बाजूंनी फटके खात. म्हणजे या रूपकाला तीन गोष्टी लागतात: दोन्हीकडून मारा, मधून जाण्याची सक्ती आणि पलीकडे पोहोचण्याचे ठिकाण. एकाच माणसाने एकाच जागी केलेला छळ त्यात बसत नाही.

‘डेथ बाय अ थाउजंड कट्स’ यामागे चीनमधील ‘लिंगची’ ही देहदंडाची शिक्षा आहे, जी 1905 मध्ये कायद्याने बंद झाली. आज तो प्रयोग अर्थसंकल्पातील लहान लहान कपातींमुळे एखादी संस्था खंगत जाणे अशा अर्थाने करतात. यात एकही घाव प्राणघातक नसतो, म्हणून एकाच मोठ्या आपत्तीसाठी तो वापरला की चित्रच मोडते.

आणि ‘ॲट द एंड ऑफ माय टेदर’. ‘टेदर’ म्हणजे दावे. खुंट्याला बांधलेले जनावर चरत चरत दाव्याच्या टोकापर्यंत गेले आणि आता पुढे सरकता येत नाही, अशी ती अवस्था. अमेरिकेत ‘टेदर’च्या जागी ‘रोप’ येतो. ‘जीव मेटाकुटीस आला’ याला इतका जवळचा दुसरा प्रयोग मला सापडलेला नाही. ‘द लास्ट स्ट्रॉ’ याच्या शेजारचा आहे, पण तो माणसाच्या अवस्थेविषयी नसून शेवटच्या घटनेविषयी आहे: उंटाच्या पाठीवर पडलेली अखेरची काडी. म्हणून मी ‘टेदर’च्या टोकावर असतो, आणि शेजाऱ्याने रात्री दोन वाजता लावलेला लाउडस्पीकर ही ‘लास्ट स्ट्रॉ’ असते.

तिसरी पायरी: वजन करावे

या पायरीवर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण मराठी मनाला इंग्रजी शब्दांचे वजन कळत नाही ते इथेच.

‘ऑर्डील’ हा शब्द वर्तमानपत्रांत ‘कटू अनुभव’ एवढ्या अर्थाने येतो, पण त्याचा खरा मराठी भाऊ ‘दिव्य’ आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आरोपीला तापलेले लोखंड हातात धरावे लागे किंवा उकळत्या पाण्यातून वस्तू काढावी लागे. मग हात बांधून ठेवत आणि तीन दिवसांनी जखम पाहून निवाडा करत. रोममध्ये 1215 साली भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना त्यात भाग घेण्यास मनाई केल्यावर ती प्रथा इंग्लंडमध्ये मोडली. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांमध्ये होणारे रवादिव्य, म्हणजे कढत तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा काढणे, हे त्याच जातीचे होते; तिथेही हात बांधून, मोहोर करून, काही दिवसांनी पाहत. तेव्हा ज्या प्रसंगाला मराठीत ‘दिव्यातून जाणे’ म्हणता येईल, त्यालाच ‘ऑर्डील’ म्हणावे. बँकेतील लांब रांगेला ‘ऑर्डील’ म्हणायचे असेल, तर ते हसत म्हणावे, म्हणजे ऐकणाऱ्यालाही ते विनोदाने घेता येते.

‘हॅरोइंग’ याहून गंभीर आहे. ‘हॅरो’ म्हणजे नांगरटीनंतर ढेकळे फोडण्यासाठी जमिनीवरून ओढतात ते दातेरी औत. ते मनावरून फिरले, असा अर्थ. अपघातातून वाचलेल्याची साक्ष, युद्धातून पळून आलेल्याचे कथन ‘हॅरोइंग’ असते. महागडे लग्नाचे जेवण कधीच नाही. ‘एक्सक्रुशिएटिंग’मध्ये लॅटिन ‘क्रक्स’ म्हणजे क्रूस आहे, तरीही हा शब्द वापराने इतका झिजला आहे की कंटाळवाण्या भाषणालाही लावतात. ‘नाइटमेअर’ त्याहून झिजलेला आहे. त्यातील ‘मेअर’ म्हणजे घोडी नव्हे, तर झोपलेल्याच्या छातीवर बसणारे जुन्या समजुतीतील भूत; परंतु आज ‘द पार्किंग वॉज अ नाइटमेअर’ असे कोणीही म्हणतो आणि कोणालाही भूत आठवत नाही. त्यामुळे खरोखरच भयंकर गोष्ट सांगायची असेल तर ‘नाइटमेअर’ अपुरा पडतो, आणि किरकोळ गोष्टीसाठी ‘हॅरोइंग’ हास्यास्पद ठरतो.

‘हेल’ तर अगदी निसरडा. ‘इट वॉज हेल’ म्हणजे नरकयातना. ‘इट वॉज अ हेल ऑफ अ पार्टी’ म्हणजे मात्र मेजवानी झकास झाली. एका ‘ऑफ अ’ने अर्थ पालटतो. सभ्य पत्रव्यवहारात हा शब्द टाळलेलाच बरा.

जड शब्द नको असेल तर उलट दिशेचा मार्ग आहे, आणि ब्रिटिश बोलण्यात तो फार दिसतो: ‘इट वॉज नो पिकनिक’, ‘नॉट एक्झॅक्टली अ बेड ऑफ रोझेस’. त्रास कमी करून सांगितल्यामुळे तो अधिक जाणवतो. आपणही ‘काही सुखाची गोष्ट नव्हती ती’ असे म्हणतोच. याउलट ‘आय वुडन्ट विश इट ऑन माय वर्स्ट एनिमी’ हे थेट ‘वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये’. भाषांतराचा मोह इथे निर्धास्तपणे पुरवावा.

चौथी पायरी: सांगाडा सांभाळावा

चित्र बरोबर आणि व्याकरण चूक, असे झाले की रूपक लंगडते. यातील बहुतेक प्रयोगांत कोण सोसतो आणि कोण सोसायला लावतो, यावर क्रियापद बदलते: मी ‘गो थ्रू द रिंगर’ करतो, त्यांनी मला ‘पुट थ्रू द रिंगर’ केले. ‘टेंटरहुक्स’ नेहमी अनेकवचनी आणि त्याआधी ‘ऑन’. ‘अ बिटर पिल’च्या मागे ‘टू स्वॉलो’ जोडले की कडू घोट गिळावा लागल्याचा भाव पूर्ण येतो. ‘बॅप्टिझम ऑफ फायर’ हा सैनिकाच्या पहिल्या लढाईवरून रूढ झालेला असल्याने तो पहिल्याच कठीण अनुभवाला लागतो. दहा वर्षे नोकरी केलेल्याच्या अकराव्या वर्षातील संकटाला नाही. आपली ‘अग्निपरीक्षा’ पुन्हा पुन्हा होऊ शकते, इंग्रजी अग्निबाप्तिस्मा एकदाच.

‘लिटरली’ हा शब्द यांपैकी कशाच्याही आधी जोडू नये.

शरीराच्या वेदनेची गोष्ट निराळी

परदेशी राहणाऱ्या किंवा इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या मराठी माणसासाठी हा भाग सर्वांत उपयोगाचा आहे. तिथे रूपक शोभेसाठी नसते, निदानासाठी असते. कॅनडातील मॅगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 मध्ये वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात 78 शब्द 20 गटांत लावले आहेत आणि त्यांतील पुष्कळसे मुळात रूपकेच आहेत: भोसकणारी, कुरतडणारी, गिरमिटासारखी आत शिरणारी, चिरडणारी.

मराठी याबाबतीत गरीब नाही, उलट श्रीमंत आहे. फक्त जोड्या ठाऊक हव्यात. दात किंवा गळू ठसठसते, ठणकते, तेव्हा ‘थ्रॉबिंग’. कमरेतून पायात सणक किंवा चमक जाते, तेव्हा ‘शूटिंग’. सुरी खुपसल्यासारखे वाटते, तेव्हा ‘स्टॅबिंग’. पोटात कळा येऊन पीळ पडतो, तेव्हा ‘क्रॅम्पिंग’. आतून कुरतडल्यासारखे होते, तेव्हा ‘नॉइंग’. आग होते तेव्हा ‘बर्निंग’, मुंग्या येतात तेव्हा ‘टिंगलिंग’, डोके फुटते तेव्हा ‘स्प्लिटिंग’. अंग आंबले असेल तर ‘सोअर’ किंवा ‘एकी’ म्हणावे. शब्दशः भाषांतर केल्यास डॉक्टरांना दह्याची आठवण होईल.

दोन गोष्टी इथे विशेष जपाव्यात. छातीसाठी ‘क्रशिंग’ हा शब्द डॉक्टर हृदयविकाराच्या झटक्याशी जोडतात. छातीवर दगड ठेवल्यासारखे खरोखर वाटत असेल तर तोच शब्द ताबडतोब वापरावा आणि वाटत नसेल तर सहज म्हणून वापरू नये. दुसरे, ‘माय फीट आर किलिंग मी’ हे पाय दुखण्याचे घरगुती वर्णन आहे. गप्पांत ते चालते, तातडीच्या विभागात त्याचा उपयोग नाही. तिथे कुठे, केव्हापासून, कशाने वाढते आणि कशासारखे वाटते, या क्रमाने सांगावे.

पाचवी पायरी: कोणासमोर बोलतो आहोत ते पाहावे

तक्रारीच्या पत्रात रूपक एकच आणि तेही शेवटी असावे. ‘युअर हॉटेल वॉज हेल ऑन अर्थ’ या वाक्यावर व्यवस्थापकाला काहीच करता येत नाही. गरम पाणी दोन दिवस नव्हते, तीनदा कळवूनही कोणी आले नाही, यावर करता येते. मित्राला लिहिताना हाच क्रम उलटा चालतो.

दुसऱ्याच्या दुःखाला आपले रूपक लावू नये. कर्करोग झालेल्या माणसाच्या आजाराला ‘बॅटल’ म्हणण्याची इंग्रजीत सवय आहे, आणि काही रुग्ण स्वतःही तसे म्हणतात. पण आपण होऊन तसे म्हटले की जो दगावला तो कमी लढला, असे त्यात आपोआप येते. सांत्वनाच्या पत्रात ‘आय कान्ट इमॅजिन व्हॉट यू आर गोइंग थ्रू’ हे साधे वाक्य पुरते.

आणि काही चित्रे इतिहासासकट येतात. जुन्या पिढीतील इंग्रज माणूस कोंदट, खचाखच भरलेल्या खोलीला ‘लाइक द ब्लॅक होल ऑफ कॅलकटा’ म्हणतो. जून 1756 मध्ये कोलकात्याच्या फोर्ट विल्यममधील कोठडीत 146 जणांना कोंडले आणि 123 जण मेले, असे त्यातून वाचलेल्या हॉलवेल या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने लिहिले. पुढे इतिहासकारांनी हे आकडे फुगवलेले असल्याचे दाखवले, आणि सुभाषचंद्र बोस यांच्या आंदोलनानंतर 1940 मध्ये त्या घटनेचे स्मारक भर चौकातून हलवावे लागले. विरारच्या गर्दीच्या लोकलचे वर्णन करताना भारतीय माणसाने हे रूपक उसने घेणे मला तरी विचित्र वाटते. छळछावण्या आणि वंशसंहार यांची नावे घेऊन आपला कार्यालयातील दिवस सांगणे तर कोणत्याही भाषेत अशोभनीयच.

एक उतारा, दोनदा लिहिलेला

26 जुलै 2005 घेऊ. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोकल थांबल्या आणि हजारो लोक रात्रभर चालत घरी गेले. समजा, त्यांतील एकाला ती रात्र इंग्रजीत लिहायची आहे. पहिला मसुदा बहुधा असा उतरेल: ‘इट वॉज हेल ऑन अर्थ, लाइक पुलिंग टीथ, अँड वी जम्प्ड फ्रॉम द फ्राइंग पॅन इनटू द फायर.’ ‘आगीतून फुफाट्यात’ला हा प्रतिशब्द बरोबर आहे, पण गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या माणसाने तव्याची आणि जाळाची भाषा बोलावी, हे चित्र कोणाही वाचकाला हसवील. दातांचा इथे काही संबंध नाही. आणि तीन रूपके एका वाक्यात आल्यामुळे एकही दिसत नाही.

दुसऱ्या मसुद्यात आधी तथ्ये येतात: ‘इट टुक मी फोर्टीन अवर्स टु वॉक फ्रॉम दादर टु बोरिवली, अँड इन कलिना द वॉटर केम अप टु माय चेस्ट.’ या वाक्यात एकही रूपक नाही, आणि ते लावण्याची गरजही नाही. पुढे घरच्यांची गोष्ट: ‘द फोन्स वेअर डेड, अँड माय मदर वॉज ऑन टेंटरहुक्स टिल डॉन.’ ताण घरी वाट पाहणाऱ्या आईला होता, म्हणून रूपक तिच्या वाक्यात आहे. चालणाऱ्याला वाट पाहायला सवड नव्हती. ‘ऑर्डील’ हवाच असेल तर तो तिसऱ्या वाक्यात, सोबत चाललेल्या अनोळखी लोकांविषयी लिहिताना यावा, कारण ते दिव्य सगळ्यांनी मिळून केले होते. ‘हॅरोइंग’ मात्र त्या घरांसाठी राखून ठेवावा, जिथले माणूस पहाटेनंतरही परतले नाही.